पिंपं आडवी होतात, पण गूळ कुठून आला ते कुणी विचारत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या जिल्ह्याच्या पानावर एक छोटी बातमी होती. मांजरेच्या काठी बाभळीच्या बनात हातभट्टीवर छापा, गूळमिश्रित रसायन जागेवर नष्ट, एकावर गुन्हा दाखल, आरोपी पसार. फोटोत निळं पिंप आडवं पडलेलं आणि त्यातला तपकिरी फेस मातीत मुरत चाललेला. अशी बातमी वरचेवर येते आणि वाचणारा पान उलटतो. मीही उलटायचो. या वेळी हे पत्र लिहायला बसलो. त्या पिंपात गुळाच्या किती ढेपा पडतात आणि नवसागर किती किलो लागतो, हे मला तोंडपाठ आहे. तो माल 19 वर्षं मी विकला आहे.

केज तालुक्यात, धनेगावच्या धरणाच्या फुगवट्याजवळच्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. वडिलांनी 1978 साली सुरू केलेलं. माझं वय 61. दारूला मी जन्मात हात लावलेला नाही. गळ्यात माळ आहे, आषाढीची वारी चुकत नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. माळकरी माणूससुद्धा या धंद्याच्या साखळीत कसा उभा असतो, ते वाचणाऱ्याला कळावं एवढ्यासाठी सांगतो.

नवसागर म्हणजे काय, हे आजच्या मुलांना ठाऊक नसेल. मिठासारखे पांढरे खडे असतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना लागायचे. कल्हईवाला तापल्या पातेल्यात चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि मग कथील आरशासारखं फिरायचं. माझ्या लहानपणी दिवाळीच्या आधी पारावर कल्हईवाला बसायचा आणि आम्ही पोरं त्याचा भाता ओढायला भांडायचो. आता घरोघर स्टील आहे. कल्हईवाला आमच्या गावात शेवटचा कधी आला, ते मला आठवत नाही. पण माझ्या दुकानातून महिन्याला नवसागराचं पोतं संपत होतं. ते कशासाठी जातं, हे मला पहिल्या महिन्यापासून कळत होतं.

काळ्या गुळाचं तेच. खायच्या गुळाची ढेप पिवळी, कोरडी असते. काळा गूळ ओला, पोत्याला चिकटून बसणारा, आंबूस वासाचा. दुभत्या जनावराला थोडा चारतात, हे खरं आहे आणि कुणी विचारलंच तर आम्ही दुकानदार तेच सांगतो. पण दोन म्हशींच्या मालकाला दर आठ दिवसाला तीन पोती लागत नाहीत.

हे गिऱ्हाईक दिवेलागणीला यायचं. मोटारसायकल, नंबरप्लेटला चिखल फासलेला. घासाघीस नाही, उधारी नाही. सोयाबीन-तुरीचे पैसे येईपर्यंत आमच्याकडे अख्खं गाव वहीवर जगतं, अशा धंद्यात रोकडा मोजणारं गिऱ्हाईक आलं की दुकानदाराची जीभ आपोआप बंद होते. खायच्या गुळापेक्षा या गुळावर पोत्यामागं जास्त सुटायचे. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण आमच्या वडिलांची शिस्त अशी, की गल्ल्यात पडलेला प्रत्येक रुपया वहीत उतरला पाहिजे. म्हणून लिहीत गेलो: काळा गूळ, नवसागर, वजन, रक्कम आणि समोर नेणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर.

माझ्याकडे 16 वर्षं एक हमाल होता. त्याचं नाव देत नाही, घरी लेकरं आहेत. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवरून उतरायचा तेव्हा फळी हलायची, तो हलायचा नाही. दसऱ्यानंतर आमचं निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं. हा जायचा नाही. म्हणायचा, ‘आण्णा, तुमच्याकडं सावलीत हाय मी.’ आडतीवरून काळा गूळ आला की तोच उतरवायचा. संध्याकाळी मोटारसायकलच्या कॅरिअरला दोरीनं आवळून तोच बांधून द्यायचा. आणि रात्री घरी जाताना ओढ्यापलीकडं थांबून त्याच गुळाची दारू प्यायचा. आधी एक फुगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दारू भरून गाठ मारलेली असते, तिला आमच्याकडे फुगा म्हणतात. मग दोन. मग सकाळी दुकान उघडायच्या आधी एक.

मी त्याला रागवायचो. हे लिहिताना हात थांबतो. दिवसा ‘पिऊ नको रे, घराचं वाटोळं होईल’ म्हणायचो आणि सांजच्याला त्याच्याच पाठीवरून तो माल गाडीवर चढवून घ्यायचो.

आधी त्याला पोतं जड व्हायला लागलं. मग पायांवर सूज आली, डोळे हळदीसारखे झाले, हातापायांच्या काड्या आणि पोट घागरीएवढं. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात मीच घेऊन गेलो. चार वेळा पोटातलं पाणी काढलं. लिव्हर संपलंय, असं तिथं सांगितलं. 43 वर्षांचा होता. खांदा देणाऱ्यांत मी होतो. क्विंटल पेलणारा तो गडी खांद्याला जाणवत नव्हता.

तेराव्यानंतर त्याची बायको दुकानात आली. पाव किलो साखर आणि चहाची पुडी घेतली. पैसे राहू दे म्हणालो, तर तिनं पदराची गाठ सोडून पैसे मोजून काउंटरवर ठेवले. जाताना म्हणाली, ‘आण्णा, तुमी तो गूळ इकायचा बंद करा. बाकी मला कायबी नको.’ आवाज चढवला नाही, रडली नाही. 16 वर्षं नवऱ्याचा शर्ट तिनंच धुतला होता, त्याला कसला वास येतो ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्या दिवसापासून माझ्या दुकानात काळा गूळ आणि नवसागर नाही. येत्या पोळ्याला तीन वर्षं होतील.

दवाखान्याच्या त्या खेपांत एका तरुण डॉक्टरांशी ओळख झाली. त्यांनी समजावलेल्या दोन गोष्टी इथं लिहितो, कारण खेड्यात याबाबत फार घातक समजुती आहेत.

ही दारू माणसाला दोन वाटांनी नेते. एक वाट आमच्या हमालाची, वर्षानुवर्षांची. दुसरी एका रात्रीची. मालकाला ‘माल कडक’ करायचा असतो किंवा थोड्यात जास्त भागवायचं असतं, तेव्हा तो कारखान्यात वापरायचं स्पिरिट आणून मिसळतो. त्यात मिथेनॉल असलं की संपलं. मिथेनॉलचं शरीरात गेल्यावर फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डोळ्याच्या नसेला खातं. फसवणूक अशी, की पिणाऱ्याला लगेच काहीच होत नाही. नेहमीसारखी चढते, तो झोपतो. बारा तासांनी, कधी दिवस उलटल्यावर पोटात कळा, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढं धुकं. घरचे म्हणतात, अजून उतरली नाही. लिंबू पिळून पाजतात, डोक्यावर पाणी ओततात, झोपू देतात. याला उतारा आहे, डायलिसिस आहे, पण तो वेळेत गेलेल्यासाठी. दारू प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी ‘मला नीट दिसंना’ म्हणाला, तर गाडी काढा आणि दवाखाना गाठा. पोलिसांच्या भीतीनं दडवून ठेवू नका, काय प्यायला ते डॉक्टरांना खरं सांगा.

दुसरी गोष्ट काडीची. आमच्याकडे पहिल्या धारेची दारू ओळखायला झाकणात ओतून काडी लावतात. निळी ज्योत आली की माल अस्सल. ही परीक्षा मी स्वतः लहानपणापासून पाहतो आहे. मिथेनॉलसुद्धा निळंच जळतं. त्या ज्योतीकडं पाहून विष ओळखता येत नाही.

2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनंच. 2017 साली शेजारच्या नगर जिल्ह्यात पांगरमलला जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत पार्टीतली दारू पिऊन माणसं दगावली. 2024 साली तामिळनाडूत कल्लाकुरिचीला साठावर गेली. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले. त्यातले कित्येक सरकारमान्य दुकानातली देशी परवडत नाही म्हणून स्वस्तातल्या दारूकडं वळलेले.

छाप्यांबद्दल माझी चिंता इथंच आहे. नुसती पिंपं फोडून गूळ-नवसागराची वाट उघडी ठेवली, तर आठ दिवसांत पिंप पुन्हा भरतं. मी भरून दिलेली आहेत, म्हणून सांगतो. छाप्याची बातमी आली की त्याच आठवड्यात माझ्याकडे माल जास्त उठायचा. आणि छापे फारच वाढले, तर आठ दिवस आंबवत ठेवायची जोखीम कुणी घेत नाही. मग स्पिरिटचा कॅन येतो. तो लपवायला सोपा, वास नाही, धूर नाही, सरपण नाही. म्हणजे पिंप फुटलं आणि मूळ तसंच राहिलं, तर गाव आधीच्यापेक्षा जास्त धोक्यात जातं.

आता गावाची हालत. पोळा ते दसरा हा आमच्याकडे उचलीचा हंगाम. ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, पन्नास हजारांपासून लाखभरापर्यंत रक्कम आगाऊ देतो. ती रक्कम घरात आली की ओढ्यापलीकडची भट्टी रात्रंदिवस पेटते. पुढं थंडीत पहाटे तीनला उठून ती बाई उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवते, ती फेड असते तिच्या नवऱ्यानं दीड महिन्यात पिऊन टाकलेल्या पैशांची. टोळी परत आली तरी उचल फिटलेली नसते. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात.

रेशनचा तांदूळ पिशवीत घेऊन माणसं माझ्या दुकानात येतात. ‘घ्या की शेठ, काय द्यायचं ते द्या.’ मागून अर्ध्या तासानं बायको येते आणि काउंटरखाली वाकून पाहते. मी घेत नाही. ते दुसरीकडे जातात.

आमच्या दुकानाला दगडी ओटा आहे. अंधार पडला की दोन घरची पाच लेकरं त्या ओट्यावर येऊन बसतात. दप्तर घेऊन येतात, बल्बाखाली वाचतात. मी आधी समजायचो की घरी लाईट नसेल. लाईट आहे. बाप येण्याच्या वेळेला ती घरात थांबत नाहीत. बाप झोपला की आई कोपऱ्यावर येऊन हाक मारते. एका रात्री साडेअकरापर्यंत हाक आली नाही. त्यातल्या थोरल्या मुलीनं, सातवीत आहे ती, धाकट्याला मांडीवर घेतलं होतं आणि मला म्हणाली, ‘काका, दुकान लावू नका ना एवढ्यात.’ मी शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. आईची हाक आली तेव्हा तिच्या कपाळाला फडकं बांधलेलं होतं. घरात कोयता असतो, प्रत्येक घरात असतो, तो आमच्याकडचा भाकरीचा धंदा आहे. प्यायलेल्या माणसाच्या हाताला तो सहज लागतो. पेपरात ‘सामाजिक सुरक्षितता’ हा शब्द वाचला की माझ्यापुढं तो ओटा येतो.

शाळेच्या मागच्या नालीत फुग्यांच्या पिशव्या अडकून पाणी तुंबतं. नववी-दहावीची पोरं रिकाम्या फुग्यांचा वास घेता घेता कधी भरलेला घेतात, ते घरच्यांना उशिरा कळतं.

पकडलं कोण जातं, तेही लिहिलं पाहिजे. आमच्या भागात ओढ्याकाठी जाळावर बसलेली असते ती बहुतेक वेळा एखादी विधवा किंवा टाकलेली बाई. तिला रोजगार मिळतो, गुन्हा तिच्यावर पडतो, तारखांना तीच जाते. गुळाचे पैसे जो देतो, तो आपल्या माडीवर झोपलेला असतो. हातभट्टी म्हटलं की तांड्याकडं, पालांकडं बोट दाखवायची आपल्याला जुनी खोड आहे. माझ्याकडून माल नेणारे कोणत्या वस्तीतले होते ते मी जाणतो. त्यांतले बरेच गावातल्या चांगल्या, मानाच्या घरांतले होते. सप्त्याच्या पंगतीला वर्गणी देणारेही होते. धोकादायक कृत्यांना आळा घालण्यासाठीच्या 1981 च्या राज्याच्या कायद्याच्या, म्हणजे एमपीडीएच्या, नावातच ‘हातभट्टीवाले’ हा शब्द आहे आणि त्याखाली वर्षभर स्थानबद्ध करता येतं. तो जाळावरच्या बाईसाठी न वापरता भांडवल लावणाऱ्यासाठी वापरावा.

महिला मंडळाच्या बायका मला विचारतात, ‘आडवी बाटली’ आपल्याकडं का होत नाही? 2008 च्या आदेशानं गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेता येतं आणि बंदीच्या बाजूनं पुरेशी मतं पडली तर दारूचं दुकान बंद होतं. पण ते परवान्याच्या दुकानासाठी. आमच्या गावात परवान्याचं दुकानच नाही. 2016 साली कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दल आलं, ते मात्र नेमकं अवैध दारूसाठी आहे. आमच्या ग्रामसभेत त्यावर दोनदा बोलणं झालं. नावं द्यायची वेळ आली तेव्हा सगळे खाली बघत राहिले. भट्टीवाला शेजारी राहतो, त्याचं रान आपल्या रानाला लागून आहे, रात्री कडब्याच्या गंजीला काडी लागायला वेळ लागत नाही. ही भीती खोटी नाही. दलातल्या माणसाला पोलिसांचं पाठबळ दिसलं, तरच नावं येतील.

माझी मागणी छोटी आहे. युरियाच्या एका गोणीसाठी शेतकऱ्याला दुकानात मशीनवर अंगठा द्यावा लागतो. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅसिडच्या विक्रीसाठी नोंदवही आणि घेणाऱ्याचं ओळखपत्र सक्तीचं केलं, तेव्हापासून मीही तशी वही ठेवतो. नवसागराच्या पोत्यासाठी 19 वर्षांत माझ्याकडं कुणी सही मागितली नाही. नवसागर आणि काळा गूळ किलो-दोन किलोच्या वर विकायचा असेल तर घेणाऱ्याचं नाव, आधार आणि कारण लिहून घेणं जिल्हाधिकाऱ्यांनी सक्तीचं करावं. छाप्याच्या पंचनाम्यात ‘कच्चा माल कुठून आणला’ हा रकाना असावा आणि तो कोरा सोडू नये. पोत्यावर आडतीचा छाप असतो, तेवढा वाचला तरी दोन पावलं मागं जाता येतं.

हे मी प्रत्यक्ष जाऊन सांगितलं आहे. एका ठाण्यात गेलो, बसायला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. समोरच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘शेठ, गूळ विकणं गुन्हा आहे का?’ गूळ विकणं गुन्हा नाही, हे मलाही माहीत आहे. पण कशासाठी नेतात हे माहीत असताना विकत राहणं म्हणजे गुन्ह्याला हात देणं, आणि ते मी केलं आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

माझ्या व्यापारी बांधवांना हात जोडून सांगतो. हा माल सोडल्यावर माझं दुकान बंद पडलं नाही. पहिलं वर्ष ओढाताण झाली, एका दिवाळीला पोरांना कपडे घेता आले नाहीत, एवढं खरं. मी सोडलेलं गिऱ्हाईक पुढच्या गावातल्या दुकानात गेलं, हेही खरं आहे. म्हणूनच एकट्यानं सोडून भागत नाही. तालुक्यातल्या किराणावाल्यांनी एका बैठकीत ठरवलं, तर नवसागराचं पोतं या भागात उतरणारच नाही. बैठक माझ्या दुकानात घ्या, चहापाणी माझ्याकडं.

माझ्याकडं 19 वर्षांच्या वह्या आहेत. दोन उंदरांनी कुरतडल्या, बाकी 17 शाबूत आहेत, लाल फडक्यात बांधून कपाटात ठेवल्या आहेत. ज्या अधिकाऱ्याला तपास करायचा असेल, त्यांनी संपादकांच्या कार्यालयातून माझा पत्ता घ्यावा. वहीतली अक्षरं कुणाकुणाची आहेत, ते मी समोर बसून सांगेन. माझं नाव प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर आहेच.

आपला,
एक किराणा दुकानदार
ता. केज, जि. बीड
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)